कोणत्या पुस्तकात?

वाचनाच्या क्विझसाठी प्रश्न काढायला बसलं की पहिली कात्री आपल्याच हुशारीला लावावी लागते. ‘या कथेतून काय बोध मिळतो?’ हा प्रश्न बाद, कारण त्याचं उत्तर पुस्तक न उघडताही देता येतं. ‘लेखकाचा जन्म कुठे झाला?’ हाही बाद, ते गाइडमध्ये मिळतं. रस्किन बाँडच्या ‘द ब्लू अम्ब्रेला’वर मात्र एक नामी प्रश्न सापडतो: बिन्याच्या छत्रीवर डोळा असलेल्या दुकानदाराचं नाव काय? पुस्तकात तो राम भरोसा आहे. विशाल भारद्वाजच्या सिनेमात पंकज कपूरने केलेला दुकानदार नंदकिशोर आहे. ज्यांनी सिनेमावर भागवलं, ते इथे अगदी छातीठोकपणे चुकतात.

फरीदाबादच्या एनआयटी (न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप) भागातल्या एका शाळेत तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी हा खेळ असतो. प्रश्न काढणाऱ्या आयांमध्ये मीही असते. सासर फरीदाबादचं नाही, नवऱ्याची नोकरी इथली. त्यामुळे माझ्या हिंदीवर मुलं मनसोक्त हसतात आणि माझे प्रश्न सोडवतातही. दहा पुस्तकांची यादी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर लागते, निम्मी हिंदी आणि निम्मी इंग्रजी. चौघांचा एक संघ, कुजबुजायला तीस सेकंद, उत्तर फक्त कॅप्टनने द्यायचं. बरेचसे प्रश्न ‘कोणत्या पुस्तकात…’ असे सुरू होतात. हा साचा मूळचा अमेरिकेचा. शिकागोच्या रेडिओवर रूथ हर्शॉ यांनी मुलांसाठी चालवलेल्या कार्यक्रमातून तो पुढे तिकडच्या शाळांत पसरला. न्यूझीलंडमध्ये वेन मिल्स यांनी १९९१ साली सुरू केलेला ‘किड्स लिट क्विझ’ याच घराण्यातला, पण तिथे यादीच नसते, आजवर वाचलेलं सगळं पणाला लागतं. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना ते झेपणार नाही. यादी हवीच.

यादी आली की मुलं पहिल्या पाच मिनिटांत वाटणी करतात. ‘ये तू पढ़, वो मैं पढ़ता हूँ.’ मोठ्यांना हे आवडत नाही. प्रत्येकाने दहाही पुस्तकं वाचावीत, असं शिक्षकांचं म्हणणं असतं. मला ते कागदावरचं वाटतं. लायब्ररीत एका पुस्तकाच्या दोनच प्रती आणि संघ सहा. पुस्तक चार दिवस एकाच्या दप्तरात, मग दुसऱ्याच्या. वाट बघण्यापेक्षा जो वाचतो त्याने बाकीच्यांना सांगायचं, ही पद्धत मुलांनीच पाडली, आणि सगळी खरी तयारी मी तिथेच होताना पाहिली.

नोव्हेंबरने तर ती पद्धत पक्कीच केली. दिल्लीच्या हवेतल्या प्रदूषणाचा आकडा चढला की ‘ग्रॅप’ या निर्बंधांचे टप्पे लागू होतात, आणि पाचवीपर्यंतच्या वर्गांवर सगळ्यात आधी गदा येते. दिल्लीबरोबर गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर हे जिल्हेही त्या आदेशात असतात. म्हणजे ज्यांच्यासाठी ही स्पर्धा, नेमकी तीच मुलं घरी. लायब्ररी बंद, प्रती ज्याच्या त्याच्या घरात अडकलेल्या. मग आईच्या फोनवरून व्हॉइस मेसेज सुरू झाले.

माझ्या मुलाच्या संघात एक मुलगी आहे, ती वाचताना शब्दाशब्दावर अडते. तिच्या वाट्याला ‘तोत्तो-चान’ आलं होतं. नॅशनल बुक ट्रस्टची हिंदी आवृत्ती, अंगाने जाड. तिने रोज संध्याकाळी जेवढं वाचून झालं तेवढं बोलून पाठवायला सुरुवात केली. मागून कुकरची शिट्टी, तिच्या आजीचं ‘फिर की होया?’ आजीचं माहेर बन्नूवाल, म्हणजे मूळ बन्नूकडचं. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठीच हे एनआयटी वसवलं गेलं, त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत गोष्ट सांगताना मधेच पंजाबी किंवा त्यांची आपली बोली शिरते. मुख्याध्यापक कोबायाशी नव्या मुलीचं बोलणं चार तास ऐकत बसतात, हा भाग तिने एका दमात सांगितला. त्यातच तिने त्यांना चहाही पाजला. लगेच आमच्या घरून उलट मेसेज गेला: ‘चाय कहाँ लिखी है? पेज नंबर बता.’ ती पान शोधायला गेली. चहा काही सापडला नाही, पण शोधताना रेल्वेच्या डब्यांतल्या वर्गांचं वर्णन तिने पुन्हा वाचलं आणि तेही पाठवलं.

असं रोज व्हायचं. सांगणारा काहीतरी पदरचं घालतो, ऐकणारा हटकतो, मग दोघं पुस्तकाकडे. नुसतं डोळ्यांखालून घालणाऱ्याला कोण हटकणार? संघातला सगळ्यात वेगवान वाचणारा मुलगा यादीतली सात पुस्तकं एकट्याने संपवून बसला होता. सरावात तोच जास्त गडबडायचा. नावं त्याला आठवायची, पण कोणाचं नाव कुठल्या पुस्तकातलं, तिथे गाडी घसरायची.

स्पर्धा जानेवारीची सुट्टी संपल्यावर झाली. हॉलमध्ये हीटर एकच, तो परीक्षकांच्या पायाशी, हे माझ्या मते अन्यायाचं होतं. मुलं स्वेटरच्या बाह्या तोंडावर ओढून कुजबुजतात, म्हणजे शेजारच्या संघाला ओठ दिसत नाहीत. हा धडा त्यांना कोणी दिलेला नाही.

वाद पेटला तो प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’वर. हमीदने आजीसाठी चिमटा घेतला हे सगळ्यांना पाठ, म्हणून आम्ही विचारलं: दुकानदाराने आधी किंमत किती सांगितली? उत्तर सहा पैसे. मग तो पाचावर येतो आणि हमीद तीन पैशांना मागतो. एका संघाने ठामपणे ‘पाँच’ म्हटलं. चूक, असं जाहीर झालं आणि गुण दुसऱ्या संघाकडे गेले. तेवढ्यात ‘पाँच’ म्हणणाऱ्या संघातली सर्वात लहान मुलगी पुस्तक घेऊन थेट परीक्षकांच्या टेबलापाशी आली. मुलांसाठी थोडक्यात केलेली, चित्रांची आवृत्ती होती. तिच्यात घासाघीस आखडती घेऊन थेट पाचवर आणली होती. मुलीने बोट ठेवलं ती ओळ तिच्या बाजूने होती.

परीक्षकांपैकी एका बाईंचं म्हणणं, मूळ कथा तीच खरी. दुसऱ्यांचं म्हणणं, पोरीने आमच्याच कपाटातलं पुस्तक वाचलंय, त्यात तिचा काय दोष? मी दुसऱ्या बाजूची होते. प्रश्न रद्द झाला, दोन्ही संघांना बदली प्रश्न मिळाला, आणि तक्रार घेऊन आलेला संघ त्यातही हरला. पण ती मुलगी आपल्या जागेवर परतली ती जिंकल्यासारखीच.

आमचा संघ तिसरा आला. ‘तोत्तो-चान’वरचे तिन्ही प्रश्न त्यांनी पटकावले, आणि त्यांतल्या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवान वाचणाऱ्या मुलाने कॅप्टनच्या कानात सांगितली. त्याने ते पुस्तक हातातच घेतलेलं नव्हतं.

नंतर समोसे खाताना दोन संघ राम भरोसावरून भांडत होते. तो चोर का? छत्री त्याने स्वतः उचलली नाही, राजारामला पाठवलं. मग सगळ्या गावाने त्याच्या दुकानाकडे पाठ फिरवली, ती शिक्षा जास्त नाही झाली? आणि बिन्याने शेवटी छत्री त्यालाच का देऊन टाकली? एक जण म्हणाला, तिला कंटाळा आला असेल. त्याच्यावर बाकीचे तुटून पडले. यातलं काहीच आमच्या प्रश्नपत्रिकेत नव्हतं आणि येणारही नाही, कारण याला गुण कसे द्यायचे, ते आम्हाला अजून जमलेलं नाही.

पुढच्या वर्षासाठीच्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. यादीत पुस्तकाच्या नावापुढे प्रकाशकाचं नाव छापायचं. आणि प्रत्येक संघाने समोरच्या संघासाठी पाच प्रश्न स्वतः काढून आणायचे, पान क्रमांकासह. पान क्रमांकाची अट मुलांनीच सुचवली.