हरभऱ्यातील पक्षी-नोंदी आणि घाटेअळी

रब्बी हरभरा फुलोऱ्यावर येतो, त्याच सुमारास शेतात कोतवाल, साळुंकी, गायबगळा आणि हिवाळी पाहुणा पांढरा धोबी यांची वर्दळ वाढते. पक्षिनिरीक्षक या नोंदी हौसेने ठेवतात. पीक संरक्षणासाठीही त्या तितक्याच उपयोगी आहेत.

हरभऱ्याच्या पानांवर व घाट्यांवर मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लयुक्त द्रव पाझरतो. शेतकरी त्यास आंब म्हणतात. या आंबेमुळे घाटेअळीच्या अंड्यांवर जगणारा ट्रायकोग्रामा हा परोपजीवी कीटक या पिकात फारसा यशस्वी होत नाही. कॅम्पोलेटिस हा दुसरा परोपजीवी येथे चांगले काम करतो, परंतु तो लहान अळ्यांनाच गाठतो. अर्धे शरीर घाट्यात खुपसून दाणे खाणारी मोठी अळी त्याच्या तावडीतून सुटते, कीटकनाशकालाही सहजी दाद देत नाही; पक्ष्यांच्या नजरेत मात्र नेमकी तीच भरते.

कोतवाल उंचावर बसून भक्ष्य हेरतो व झेपावतो. बसण्यास जागाच नसेल, तर हरभऱ्याचे सपाट शेत त्याच्या फारसे कामाचे नाही. म्हणून एकरी सुमारे २० पक्षीथांबे पिकाच्या वर राहतील असे उभारावेत. साळुंकी, गायबगळा व धोबी जमिनीवर चालत किडे टिपतात. त्यांना थांब्यांची गरज नसते. केवळ थांबे मोजून समाधान मानणाऱ्या प्रात्यक्षिकांत हा फरक हमखास विसरला जातो.

नोंदीसाठी सकाळची १५ मिनिटे पुरेत. पक्ष्याची जात, संख्या, शेतातील जागा आणि तो काय करीत होता, एवढे लिहावे. गायबगळे एकाच पट्ट्यात वारंवार उतरत असतील, तर अळ्यांचा शोध तेथूनच सुरू करावा. मात्र नुकतेच पाणी दिलेल्या शेतातही बगळे जमतात, कारण पाण्यामुळे जमिनीतील किडे वर येतात. त्यामुळे पक्षी पाहून फवारणी ठरवू नये. ओळीच्या प्रत्येक मीटरमध्ये १ ते २ अळ्या, किंवा कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ ते १० पतंग, हीच आर्थिक नुकसानीची पातळी धरावी.

ती ओलांडल्यास, अळ्या लहान असतानाच एचएएनपीव्ही हा विषाणू फवारणे श्रेयस्कर. विषाणूग्रस्त अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेतून तो विषाणू पुढेही पसरू शकतो. जहाल रासायनिक कीटकनाशकाने विषबाधा झालेली अळी मात्र पक्ष्यालाच घातक ठरते.

घाटे पिवळे पडू लागले, की पोपटांचा उपद्रव वाढतो. तेव्हा थांबे काढून घ्यावेत. पळस फुलतो त्या काळात भोरड्यांचे थवेही मोठे दिसतात. त्या नाकतोडे फस्त करतात खऱ्या, पण शेजारी ज्वारीची कणसे उभी असतील तर राखणीला पर्याय नाही. एप्रिलपर्यंत बहुतेक भोरड्या मध्य आशियाकडे परततात. फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या गणनेत भारत २०१३ पासून सहभागी आहे; शेतातील १५ मिनिटांची नोंदही त्यात देता येते.