गाढीचा प्राणवायू आणि आपलं सांडपाणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

माथेरानच्या डोंगरातून निघणारी गाढी पनवेलजवळ खाडीला मिळते. पावसाळ्यात ती दुथडी भरून वाहते, पण दिवाळीनंतर तिची धार बारीक होत जाते. मग शहर तिच्यात काय सोडतं, यावर नदीचं जगणं ठरतं. सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे एसटीपी, उभं राहतं ते यासाठीच. त्याविषयीचे काही समज मात्र दुरुस्त करायला हवेत.

गैरसमज: वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं.
वस्तुस्थिती: होतं, पण नदीच्या कुवतीपुरतंच. घाण कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत एक लिटर स्वच्छ पाण्यात तो जेमतेम 8 मिलिग्रॅम मावतो. घरातून निघालेल्या एक लिटर मैलापाण्याला मात्र साधारण 200 मिलिग्रॅम लागतो. या मागणीलाच बीओडी म्हणतात. म्हणजे एका लिटरमागे 25 लिटर नदीचा प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरून मरतात. केंद्राने ही मागणी 10 मिलिग्रॅमवर आणली, तर तोच बोजा सव्वा लिटरवर येतो.

गैरसमज: केंद्रात रसायनं टाकून पाणी शुद्ध करतात.
वस्तुस्थिती: मुख्य काम जिवाणूच करतात. आधी जाळीवर प्लास्टिक आणि चिंध्या अडतात, मग वाळू खाली बसते. पुढच्या टाकीत खालून हवा सोडतात आणि जिवाणू घाण खाऊन वाढतात. ही पद्धत 1914 साली मँचेस्टरमध्ये जगासमोर आली. त्या टाकीतलं तपकिरी पाणी कर्मचारी काचेच्या मापात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवतात. गाळ खाली बसून वर नितळ पाणी उरलं, तर जिवाणू ठणठणीत. पाणी गढूळच राहिलं, तर काहीतरी बिनसलंय. हवा बराच वेळ बंद पडली की हे जिवाणू मरू लागतात, म्हणून केंद्राला अखंड वीज लागते. क्लोरीनची पाळी येते ती शेवटी, रोगजंतू मारण्यासाठी.

गैरसमज: बाहेर पडणारं पाणी पिण्याजोगं असतं.
वस्तुस्थिती: नाही. ते नदीत सोडण्याजोगं असतं. बागा, रस्ते धुणं, बांधकाम आणि कारखान्यांसाठी ते वापरता येतं. तेवढंच धरणाचं पाणी पिण्यासाठी वाचतं.

गैरसमज: कासाडी नदी काळवंडली, म्हणजे एसटीपी कुचकामी.
वस्तुस्थिती: कासाडी तळोजा औद्योगिक वसाहतीतून वाहते. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी तिथे वेगळं सामायिक केंद्र आहे. ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्यातले निळे पडलेले कुत्रे देशभर बातमीत आले, तो रंग कारखान्यातला होता. रंगद्रव्यं आणि जड धातू घरगुती मैल्यावर जगणाऱ्या जिवाणूंना पचत नाहीत, उलट आम्लाने तेच मरतात. म्हणून असं पाणी चोरून शहराच्या मलवाहिनीत सोडणं हा दुहेरी घात आहे.

गैरसमज: केंद्र बांधलं की नदी वाचली.
वस्तुस्थिती: केंद्रापर्यंत जे पोचतं, तेवढंच शुद्ध होतं. माणशी रोज 135 लिटर पाणी धरलं, तर त्यातलं सुमारे 80 टक्के, म्हणजे 108 लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडतं. पनवेल महापालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी स्थापन झाली, तेव्हा सिडकोच्या आखीव वसाहती आणि जुनी गावठाणं एका हद्दीत आली. वसाहतींत आखणीतच मलवाहिन्या होत्या. गावठाणांच्या अरुंद गल्ल्यांत त्या टाकणं अवघड असतं. मलवाहिनी नसेल तिथे मैला टाकीवर भागवावं लागतं, आणि ती टाकी वेळेवर उपसून गाळ केंद्रातच रिकामा व्हायला हवा.

पावसाळी गटार केंद्राकडे जात नाही, ते थेट नाल्याला, नदीला किंवा खाडीला मिळतं. म्हणून सोसायटीच्या पुढच्या सभेत एक प्रश्न जरूर मांडा: आपली जोडणी मलवाहिनीला आहे की पावसाळी गटाराला? चुकीची असेल तर ती बदलून घ्या. स्वयंपाकघरातलं तेल आणि सॅनिटरी पॅड गटारात टाकू नका, त्यांनीच वाहिन्या तुंबतात. केंद्रातून सोडलेल्या पाण्याचा बीओडी किती, हेही महापालिकेला विचारा. नदी आपली आहे, तेव्हा तिचा हिशेब मागणं हा आपला हक्क आहे आणि कर्तव्यही.