विभाजक अज्ञात असलेली संयुक्त संख्या : विसावी फर्मा संख्या

संयुक्त संख्येची ओळख आपण वर्गात तिच्या विभाजकांवरून करून देतो. ९१ संयुक्त का, तर ती ७ व १३ यांचा गुणाकार आहे म्हणून. परंतु एखादी संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध व्हावे आणि तरीही तिचा, १ व ती स्वतः यांखेरीज, एकही विभाजक कोणास ठाऊक नसावा, असेही घडते. विसावी फर्मा संख्या हे त्याचे ठळक उदाहरण असून प्रस्तुत लेखात तिचे विवेचन केले आहे.

फर्मा संख्येचे सामान्य रूप फ(न) = २^(२^न) + १ असे आहे. न = ० ते ४ साठी ३, ५, १७, २५७ व ६५५३७ या मूळसंख्या मिळतात. अशा सर्वच संख्या मूळ असाव्यात, हा फर्मा यांचा कयास १७३२ मध्ये ऑयलर यांनी फ(५) = ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७ असे दाखवून खोडून काढला. फ(२०) ही दशमान पद्धतीत ३,१५,६५३ अंकी आहे. द्विमान पद्धतीत मात्र तिचे रूप अगदी साधे आहे : दोन्ही टोकांस १ आणि मध्ये १०,४८,५७५ शून्ये.

प ही विषम मूळसंख्या असल्यास २^(प−१) ला प ने भागून बाकी १ उरते, हे फर्मा यांचेच प्रमेय. ते येथे कुचकामी ठरते, ही मौजेची गोष्ट. २^(२^२०) ला फ(२०) ने भागल्यास बाकी −१ येते. तिचा वर्ग १, आणि पुढे कितीही वर्ग केले तरी १ च. म्हणजे संयुक्त असलेली फर्मा संख्याही ही कसोटी बिनचूक पार करते.

१८७७ मध्ये पेपँ यांनी २ ऐवजी वेगळा पाया घेतला. ३ हा पायाही येथे चालतो. न किमान १ असताना ३^((फ−१)/२) ची बाकी −१ येणे, ही फ मूळ असण्याची आवश्यक व पुरेशी अट आहे. फ(२) = १७ घेऊन पाहू : ३ चे क्रमाने वर्ग केल्यास ९, मग ८१ म्हणजे १३, मग १६९ म्हणजे १६, अर्थात −१. १७ मूळ आहे. फ(२०) साठी असे १०,४८,५७५ वर्ग करावे लागतात. भागाकाराची मात्र गरज नाही. २^(२^२०) च्या जागी −१ येत असल्याने वर्गाचा वरचा अर्धा भाग खालच्यातून वजा केला की काम भागते. यंग व ब्यूएल यांनी महासंगणकावर ही गणना केली. बाकी −१ आली नाही. त्यांचा निबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे शंकेस जागा आहे. लाखो पायऱ्यांत एखादा द्विमान अंक चुकला तरीही शेवटी −१ खेरीज काहीतरी अन्यच बाकी येईल. चुकीचे उत्तर आणि संयुक्ततेचे उत्तर दिसायला सारखेच! म्हणून ‘−१ नाही’ एवढे सांगणे पुरत नाही. स्वतंत्र गणनांतील अंतिम बाक्या अंकश: जुळाव्या लागतात. १९९९ मध्ये फ(२४) संयुक्त ठरविताना क्रँडल, मेयर व पापाडोपोलोस यांनी भिन्न यंत्रांवरील गणना अशाच पडताळल्या. संगणकीय सिद्धतेचे परीक्षण करणाऱ्याने निष्कर्षाआधी ही बाकी मागावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विभाजकांविषयी आपण अगदीच अंधारात नाही. न किमान २ असल्यास फ(न) चा प्रत्येक मूळ विभाजक क × २^(न+२) + १ या रूपाचा असतो, हे ल्यूका यांनी दाखविले. फ(५) साठी हे रूप १२८क + १ : १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांपैकी पहिली मूळसंख्या २५७ ही स्वतः फ(३) आहे आणि कोणत्याही दोन फर्मा संख्यांना सामाईक विभाजक नसतो. म्हणून पहिलाच खरा उमेदवार ६४१. फ(२०) च्या बाबतीत क ला ४१,९४,३०४ ने गुणून १ मिळवावा लागतो, आणि असा एकही विभाजक अद्याप हाती आलेला नाही. फ(१४) ची संयुक्तता १९६० च्या दशकात सिद्ध झाली होती. तिचा पहिला विभाजक, ५४ अंकी, २०१० मध्ये सापडला.