कांद्याचा सौदा, दिल्लीचा आदेश

लाल कांदा थांबत नाही. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. खरिपाचा लाल कांदा मात्र काढला की पिकअपमध्ये भरायचा, बाजार समितीत न्यायचा आणि लिलावात बोलला जाईल तो भाव घ्यायचा. नाशिक जिल्ह्यात या कांद्याची आवक वाढत असतानाच, ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने निर्यात बंद केली. चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. दोन आठवड्यांत लासलगावचा भाव जवळपास निम्म्यावर आला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाता त्याच्या हातात जेमतेम अडीच रुपये पडले! राज्य सरकारने पुढे क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं खरं. पण भाव पडतो तेव्हा शेतकऱ्याने सोसायचं आणि चार पैसे मिळायची वेळ आली की दार बंद, हा अनुभव त्याला दहा महिन्यांत आला.

सरकारची काळजी खोटी नव्हती. पाऊस कमी झाला होता आणि शहरांत किरकोळ भाव चढत होते. १९९८ मध्ये कांद्याने दिल्ली राज्यातलं सरकार घालवल्याचं सगळेच पक्ष लक्षात ठेवून आहेत. पण उपाय कसा केला, ते पाहा. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क, २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि डिसेंबरात थेट बंदी. चार महिन्यांच्या आत नियम तीनदा बदलले.

निर्यातदार दुबईच्या किंवा क्वालालंपूरच्या व्यापाऱ्याला आज भाव देतो, तो पुढच्या काही आठवड्यांच्या हिशेबावर. माल न्हावा-शेवाला पोचेपर्यंत आदेश फिरला, तर पैसे बुडतात आणि शब्दही जातो. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगितलं की, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. आता स्वयंपाक्याला कांद्याविना रांधायला सांगितलं आहे. सभागृह हसलं, पण बांगलादेशने मात्र स्वतःचं उत्पादन वाढवायला घेतलं. बाकीचे खरेदीदार पाकिस्तान, चीन, इजिप्तकडे वळू लागले.

खरं नुकसान इथे आहे. साठवणीत उन्हाळ कांद्याचा मोठा हिस्सा सडतो, कोंब फुटून जातो. ते थांबवायला शीतगृहं हवीत, सुधारित चाळी हव्यात, प्रक्रिया उद्योग हवेत, म्हणजे दहा-पंधरा वर्षांच्या हिशेबाने गुंतवलेला पैसा हवा. पुढच्या महिन्यात माल बाहेर जाईल की नाही हेच ठाऊक नसेल, तर हा पैसा कोण घालणार? साठवण वाढत नाही, म्हणून टंचाई पुन्हा येते आणि तिच्या पाठोपाठ नवी बंदी.

मे २०२४ मध्ये बंदी उठली, तीही ५५० डॉलरच्या किमान मूल्यासह आणि ४० टक्के शुल्कासह. शेवटचं २० टक्के शुल्क जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. केंद्राने आता निदान एवढं तरी करावं: रोपं टाकण्याआधी त्या हंगामाचं निर्यात धोरण जाहीर करावं आणि कांदा विकला जाईपर्यंत त्याला हात लावू नये.