तबकडीवरील सूची

प्रकाशीय तबकडीवर मजकूर कोरला गेला, एवढ्याने तो पुढे वाचता येईलच असे नाही. ग्रंथालयात पुस्तके पुष्कळ असली, तरी सूचीवाचून हवे ते पुस्तक हाती लागत नाही. त्याचप्रमाणे कोणती फाइल कोठे सुरू होते व तिची लांबी किती, याची नोंद तबकडीवर असावी लागते. ही नोंद ठेवण्याच्या पद्धतीस फाइलप्रणाली असे म्हणतात.

आरंभी निरनिराळ्या उत्पादकांच्या पद्धती निरनिराळ्या होत्या. १९८५ मध्ये अमेरिकेतील ताहो सरोवराकाठी ‘हाय सिएरा’ या हॉटेलात काही कंपन्यांचे प्रतिनिधी जमले. त्यांच्या मसुद्यावरून १९८८ मध्ये ‘आयएसओ ९६६०’ हे आंतरराष्ट्रीय मानक सिद्ध झाले. त्याच्या पहिल्या पातळीवर फाइलचे नाव ८ अक्षरांचे व पुढील प्रत्यय ३ अक्षरांचा असतो; तोही केवळ मोठी रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा यांचा. ही तबकडी बहुतेक सर्व संगणक वाचतात. देवनागरी नावाला मात्र तीत स्थान नाही.

ही उणीव मायक्रोसॉफ्टच्या ‘जॉलिएट’ या पद्धतीने भरून काढली. तीत त्याच फाइलींची दुसरी सूची युनिकोडमध्ये लिहिली जाते. नावाची मर्यादा ६४ चिन्हांची आहे. परंतु मात्रा व हलन्त स्वतंत्र मोजले जात असल्याने ‘ज्ञानेश्वरी’ या चार अक्षरी नावातच ११ चिन्हे खर्ची पडतात. युनिक्स परिवारातील संगणकांसाठी ‘रॉक रिज’ ही जोड आहे. ४ गिगाबाइटहून मोठ्या फाइलींसाठी ‘यूडीएफ’ अधिक सोयीची. तथापि तिची २.५० ही आवृत्ती विंडोज एक्सपीला स्वतःहून वाचता येत नाही.

सॉफ्टवेअर निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : फाइलप्रणाली आपणास निवडता येते काय, तबकडी लिहून झाल्यावर मूळ फाइलींशी ती ताडून पाहिली जाते काय आणि ती कायमची बंद करता येते काय. विंडोजवरील ‘इमगबर्न’ व लिनक्सवरील ‘के-थ्री-बी’ यांत या सोयी आहेत.

एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवरील चूक मागाहून पुसता येत नाही. म्हणून लिहिणाऱ्याने आपल्या सोयीपेक्षा वाचणाऱ्याच्या यंत्राचा विचार आधी करावा. वाचक अनोळखी असेल, तर आयएसओ ९६६० व जॉलिएट या दोन्ही सूची एकत्र ठेवणे श्रेयस्कर होय.