पावत्या उशिरा का मिळाल्या?



मार्चमध्ये आपल्यापैकी अनेकांना देणगीच्या पावत्या उशिरा मिळाल्या. त्याचे कारण आपल्याला सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण चूक माझी होती.

पावतीवर 'अक्षरी रुपये' लिहावे लागतात. आकडा मराठी शब्दांत लिहिणारा फॉर्म्युला एक्सेलमध्ये तयार मिळत नाही. म्हणून एका स्वयंसेवकाने आम्हाला मॅक्रो लिहून दिला आणि त्याची ॲड-इन फाईल केली. ॲड-इन ही एक्सेलचीच फाईल असते, पण तिची पाने दिसत नाहीत. तिच्यातील मॅक्रो मात्र इतर सर्व शीटमध्ये वापरता येतात. वसतिगृहांच्या धान्याचा हिशेबही तिच्यावरच चालतो.

ही फाईल सामायिक फोल्डरमध्ये आहे, असे आम्ही समजत होतो. परंतु ती जोडताना एक्सेल विचारते, 'प्रत तुमच्या ॲड-इन फोल्डरमध्ये ठेवू का?' आम्ही सगळ्यांनी 'होय' म्हटले. त्यामुळे प्रत्येक संगणकावर वेगळी प्रत झाली. पुढच्या दुरुस्त्या मी माझ्याच प्रतीत करत राहिलो. ते ॲड-इन फोल्डर 'ॲपडेटा' या लपलेल्या फोल्डरच्या आत असते आणि आमचा साप्ताहिक बॅकअप फक्त 'डॉक्युमेंट्स'चा होता. माझी हार्ड डिस्क बंद पडली आणि सुधारलेली प्रतही गेली. इतरांकडच्या जुन्या प्रती लाखांपुढील रकमा चुकीच्या लिहीत होत्या. शेवटी आम्ही तिघांनी पावत्या हाताने लिहिल्या.

आता आम्ही असे करतो. मूळ फाईल एकच, सामायिक फोल्डरमध्ये, 'रीड-ओन्ली' करून ठेवली आहे. जोडताना 'नाही' म्हणायचे. तिचे नाव व जागा बदलायची नाही, नाहीतर जुन्या शीटमधले फॉर्म्युले तिला जुन्याच जागी शोधत राहतात. दुरुस्ती वेगळ्या प्रतीत करायची, तपासायची, मगच ती प्रत मूळ फाईलच्या जागी ठेवायची. आधीची प्रत तारीख घालून जपायची.

अल्ट आणि एफ११ दाबून उघडणाऱ्या खिडकीतून मॅक्रोचा मजकूर 'एक्सपोर्ट' करूनही ठेवतो. पण तेवढ्याने भागत नाही. त्या खिडकीत देवनागरी अक्षरे नीट टिकत नाहीत, म्हणून 'एक' ते 'नव्याण्णव' हे शब्द ॲड-इनच्या लपलेल्या पानावर आहेत. ते पान एक्सपोर्टमध्ये येत नाही. पूर्ण फाईलच जपावी लागते. तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर, दुसऱ्या इमारतीत असते.

दर तिमाहीला ती प्रत दुसऱ्या संगणकावर चालवून एक पावती छापून पाहतो. न तपासलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही, हे आम्ही शिकलो.

आपल्या मंडळीच्या कार्यालयातही अशी एखादी फाईल असेल. ती कुठे आहे, हे येत्या रविवारी खजिनदारांना जरूर विचारा.