आजीचे वय कोण सांगणार?



ज्येष्ठांचे केंद्र म्हटले की गाणी, गप्पा, रक्तदाब आणि साखरेची तपासणी आलीच. शिरूर-दौंडकडच्या पारधी वस्त्यांवर मात्र पहिली सेवा कागदाची असते.

श्रावणबाळ योजनेत 65 वर्षे व त्यापुढील निराधार ज्येष्ठांना दरमहा 1,500 रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे. 75 पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. दोन्हीकडे वयाचा पुरावा लागतो.

पारधी समाजाला गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. तरी पालावर जन्मलेल्या कित्येकांची जन्मनोंद झालीच नाही. अशा वेळी पेन्शनसाठी शिधापत्रिकेतले किंवा मतदार यादीतले वय चालते. तेही नसेल, तर ग्रामीण रुग्णालयातून वयाचा दाखला घेता येतो.

हे समजावून सांगायला, अर्ज भरायला आणि तहसील कार्यालयात सोबत जायला माणूस हवा. आपल्या मंडळीतील निवृत्त शिक्षक, कारकून आठवड्यातली एक सकाळ देतील का? पेन्शन हाती आले, की आजीला औषधासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. घरात तिचा शब्दही ऐकला जातो.